गॉलममागे नट होता, वाघामागे कोण?

'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ पाहून पुष्कळ जण विचारतात, सूट घालून हा वाघ कोणी केला? कोणीच नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॉलममागे मात्र अँडी सर्किस हा नट होता. दोन्ही पात्रं संगणकात घडलेली, दोन्ही हाडामांसाच्या नटांसमोर वावरणारी, म्हणून दोन्हींना सरसकट 'मोशन कॅप्चर' म्हटलं जातं. वाघ मात्र की-फ्रेम अ‍ॅनिमेशनने, म्हणजे अ‍ॅनिमेटरने एकेक स्थिती ठरवून घडवलेल्या हालचालींनी, उभा राहिला आहे.

मोशन कॅप्चरमध्ये नट अंगाला घट्ट बसणारा सूट घालतो. त्यावरच्या खुणा भोवतालचे कॅमेरे टिपत राहतात आणि नट जसा हलेल तसा डिजिटल पात्राचा सांगाडा हलतो. पात्राची ठेवण माणसाच्या जवळची असेल तर हे उत्तम जमतं. 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये (२०११) चिंपांझीचे लांब हात साधायला नटांनी हातात आखूड कुबड्या धरल्या होत्या. तरीही नोंद जशीच्या तशी क्वचितच वापरता येते. अ‍ॅनिमेटर ती दुरुस्त करतात.

वाघाला माणसाचा सांगाडा लावून काय उपयोग? तिथे अ‍ॅनिमेटर मोक्याच्या स्थिती स्वतः ठरवतो, संगणक त्यांच्यामधल्या हालचाली भरतो आणि मग त्याही हाताने घासूनपुसून घ्याव्या लागतात. 'लाइफ ऑफ पाय'साठी चार खरे वाघ आणले होते. मोजक्या शॉट्समध्ये तेच दिसतात, पण त्यांचा मोठा उपयोग झाला तो निरीक्षणासाठी: पाऊल टाकताना खांदा कसा वर येतो, कातडी स्नायूंवरून कशी सरकते, श्वासाबरोबर पोट कसं हलतं. तैवानमधल्या पाण्याच्या टाकीत पायची भूमिका करणारा सूरज शर्मा होडीत एकटाच होता. खरा वाघ त्याच्यासोबत कधीच नव्हता. नजर कुठे ठेवायची हे कळावं म्हणून वाघाच्या जागी निळी आकृती ठेवत.

आणि गॉलम? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मालिकेतल्या २००२च्या 'द टू टॉवर्स'मध्ये त्याच्या शरीराच्या हालचाली मोठ्या प्रमाणात सर्किसच्या अंगावरून टिपल्या, पण चेहरा टिपलेला नव्हता. सर्किसच्या अभिनयाचं चित्रीकरण समोर ठेवून अ‍ॅनिमेटरांनी तो की-फ्रेमने घडवला. मोशन कॅप्चरचं सर्वांत गाजलेलं उदाहरणसुद्धा अर्धं हाताचं काम आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सर्किसला अभिनयाचं ऑस्कर नामांकन मिळावं, अशी मागणी पुढे झाली. ती रास्तच होती. पण वाघाची भूक, त्याची धुसफूस, त्याचा थकवा हाही अभिनयच आहे आणि तो अ‍ॅनिमेटरांचा आहे. हे काम करणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज'चे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादमध्येही होते. तिथल्या कलाकारांचा हात 'लाइफ ऑफ पाय'ला लागला आहे. त्यांची नावं किती प्रेक्षकांना ठाऊक आहेत?

फेब्रुवारी २०१३मध्ये या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुरस्कार घेताना चित्रपटाचे व्हिज्युअल इफेक्ट्स सुपरवायझर बिल वेस्टेनहोफर कंपनीच्या अडचणींवर बोलू लागले, तेव्हा संगीत वाजवून त्यांचं भाषण मध्येच तोडण्यात आलं.