बारुशच्या ‘आशिया’चं चौथं दशक: पार्श्वभूमी

वसई आणि दीवच्या इतिहासावर लिहिताना ‘बारुश म्हणतो’ हा हवाला हमखास येतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये दीवच्याच पाण्यात त्याचा अंत झाला. ही हकीगत सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याच्या ‘आशिया’ या ग्रंथाच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडल्या कारवायांच्या इतिहासाच्या, चौथ्या दशकात (भागात) येते. पण हे दशक छापलं गेलं ते बारुश वारल्यावर तब्बल ४५ वर्षांनी, आणि त्यावर दुसऱ्याचा हात फिरलेला होता.

बारुश स्वतः भारतात कधीच आला नाही. तरुणपणी पश्चिम आफ्रिकेतल्या मीनाच्या किल्ल्यावर नेमणूक, ब्राझीलमध्ये जहागीर मिळाल्यावर १५३५ ची फसलेली मोहीम, तिच्यापायी डोक्यावर आलेलं कर्ज, एवढंच त्याचं साहस. त्याची खरी कर्मभूमी म्हणजे लिस्बनचं ‘काझा द इंडिया’, पोर्तुगीज राजाच्या पूर्वेकडल्या व्यापाराची कचेरी. १५३३ ते १५६७ तो तिथला मुख्य कारभारी होता. मिरी, जहाजं, हिशेब, गोव्याहून आलेली पत्रं, सगळं त्याच्या नजरेखालून जाई. ‘दशक’ म्हणजे दहा वर्षं नव्हेत. रोमन इतिहासकार लिव्हीच्या धर्तीवर एका दशकात दहा पुस्तकं. पहिलं दशक १५५२ मध्ये छापलं, दुसरं १५५३ मध्ये, तिसरं १५६३ मध्ये. गोवा जिंकल्याचं वर्णन दुसऱ्यात आहे.

मानवतावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन विद्येत मुरलेला पंडित म्हटलं की लॅटिन आलंच, पण बारुशने पोर्तुगीज निवडली. १५४० मध्ये त्याने तिचं व्याकरणही छापलं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे समोरच्याचे ग्रंथ वाचायची त्याची ओढ. आफ्रिकेतल्या किल्वाच्या सुलतानांची बखर त्याने पहिल्या दशकात वापरली. फारसी इतिहास मिळवले. चिनी पुस्तकं उलगडण्यासाठी एक चिनी माणूस विकत घेतला. ही त्याने स्वतःच दिलेली माहिती आहे, आणि त्या काळच्या विद्येची दुसरी बाजूही तिच्यात उघडी पडते.

१५७० मध्ये तो वारला, तेव्हा चौथं दशक खर्ड्यातच होतं. पुढे पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेलं. गोव्यात राहणारा जुना शिपाई दियोगु दु कौतु याला १५९५ मध्ये इतिहासलेखनाचं काम मिळालं, सोबत गोव्याच्या दफ्तरखान्याची राखणही. त्याने आधी १५८० पासूनचा काळ, म्हणजे दहावं दशक लिहिलं. मग बारुशची छापील दशकं जिथे संपतात तिथून, १५२६ पासून लिही, असा हुकूम झाला. त्याचं चौथं दशक १६०२ मध्ये लिस्बनला छापून आलं. विषय मिटला, असं वाटावं.

तो मिटला नाही. बारुशचे कागद दरबाराने मिळवले आणि जुआंव बाप्तिस्ता लावान्या या दरबारी गणिती व नकाशाकाराच्या हवाली केले. १६१५ मध्ये माद्रिदला बारुशच्या नावाने दुसरं चौथं दशक निघालं. ते ‘सुधारलेलं, वाढवलेलं आणि टिपा व नकाशांनी सजवलेलं’ असल्याचं मुखपृष्ठावर चक्क छापलंय. टिपा आणि नकाशे लावान्याचे हे उघड आहे. घोळ आहे तो ‘सुधारलेलं’ आणि ‘वाढवलेलं’ यांत. जिथे वाक्यं नव्याने बसवली गेली, तिथे मूळ खर्डा शेजारी ठेवल्याखेरीज बारुश कुठे संपला हे ठरत नाही. ज्याने गोव्यात उभी हयात काढली, बहादूरशाहाच्या काळातल्या घटनांची माहिती इथल्या लोकांकडून गोळा केली, त्याचं पुस्तक हाती असताना माद्रिदच्या मेजावर दुरुस्त झालेला मजकूर त्याच्या बरोबरीने उभा करणं हा कौतुवर अन्याय होता, असं मला ठामपणे वाटतं. बारुशचं नाव मोठं होतं आणि दरबाराला ते नाव हवं होतं. कौतुच्या वाट्याला तसंही बरं काही आलं नाही. आजारपणात त्याच्या आठव्या-नवव्या दशकाची हस्तलिखितं चोरीला गेली आणि ती त्याला आठवणीतून थोडक्यात पुन्हा लिहावी लागली. १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला.

१७५५ च्या भूकंपात ‘काझा द इंडिया’ आणि तिथलं दप्तर गेलं. बारुशने वाचलेले कितीतरी कागद आज त्याच्या ग्रंथातूनच कळतात. त्यामुळे पहिल्या तीन दशकांचं वजन वाढलं आणि चौथंही त्याच मानाने वाचलं जाऊ लागलं. त्यात भर घातली १७७८ ते १७८८ दरम्यान लिस्बनला निघालेल्या २४ खंडांच्या आवृत्तीने. तिच्यात बारुश आणि कौतु एकाच मालेत आहेत आणि चौथी दशकं दोन. पुढच्या लेखकांनी बहुतेक याच आवृत्तीतून उतारे घेतले. वसईवरच्या लिखाणात नुसतं ‘दशक चौथं’ असा संदर्भ सापडतो तेव्हा आधी मूळ उतारा काढून तो दोघांपैकी कुणाचा हे पाहावं लागतं, आणि बारुशचा निघाला तर त्यातला लावान्याचा भाग किती, हेही.