दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण

दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) छायाचित्रात कशी दिसते, यावरून तिचा प्रकार ठरवण्याची पद्धत. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी ती १९२६ मध्ये मांडली आणि १९३६ मध्ये नादकाट्याच्या आकृतीत बसवली : दांड्यावर लंबवर्तुळाकार दीर्घिका, दोन फाट्यांवर साध्या आणि दंडयुक्त सर्पिल, दांडा फुटतो तिथे भिंगाकार (एस०). कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेसाठी ‘ई’ हे अक्षर आणि पुढे चपटेपणाचा आकडा. सारख्या तेजाच्या बिंदूंतून समतेज रेषा काढायची, तिचे दोन अक्ष मोजायचे, आखूड अक्षाला लांब अक्षाने भागून भागाकार १ मधून वजा करायचा आणि १० ने गुणायचे. अक्ष १० मिमी आणि ६ मिमी भरले तर दीर्घिका ई४. पूर्ण गोल ती ई०. ई७ च्या पुढे गाडी जात नाही, कारण त्याहून चपटी निघाली तर ती तबकडी असते. हा आकडा खऱ्या आकाराचा नव्हे, दिसणाऱ्या आकाराचा. काकडीही टोकाकडून गोलच दिसते.

सर्पिलांत तीन गोष्टी बघतात : मधला फुगवटा केवढा, भुजा किती घट्ट गुंडाळलेल्या, आणि त्यांत ताऱ्यांचे पुंजके, तेजोमेघ किती सुटे दिसतात. मोठा फुगवटा आणि चकलीसारख्या घट्ट भुजा म्हणजे एस-ए; मधली एस-बी; लहान फुगवटा आणि सैल, गाठाळ भुजा म्हणजे एस-सी. तिन्ही निकष जुळले नाहीत तर बहुधा भुजांना झुकते माप मिळते. फुगवट्यातून ताऱ्यांचा सरळ दंड गेला असेल तर ‘एस’ला लागून मोठा ‘बी’ येतो. (रोमन लिपीतला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद देवनागरीत हरवतो, म्हणून येथे आडवी रेघ.) खगोलशास्त्रज्ञ द व्होकुलर यांनी १९५९ मध्ये अर्धवट दंड, कडी आणि एस-डी, एस-एम हे पुढचे टप्पे जोडले. आपली आकाशगंगा साधारण एसबी-बीसी, म्हणजे दंडयुक्त आणि बी-सीच्या मधली, धरतात.

लंबवर्तुळाकारांना ‘अर्ली’ आणि सैल सर्पिलांना ‘लेट’ म्हणण्याची रीत पडली आहे, ती दिशाभूल करणारी आहे. त्यात वयाचा किंवा उत्क्रांतीचा क्रम नाही.

चुका बहुतेक चित्रामुळे होतात. कडेवरून दिसणाऱ्या तबकडीत भुजा मोजताच येत नाहीत. दृश्य प्रकाशात धुळीने झाकलेला दंड अवरक्त चित्रात उघडा पडतो. फार दूरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश ताम्रसृतीने (तरंगलांबी ताणली गेल्याने) दृश्य पट्ट्यात येतो. त्यात फक्त तरुण ताऱ्यांचे ठिपके उठून दिसतात आणि धड सर्पिलही अनियमित वाटते.

मुंबईकराला अशीच एक चूक स्वतः करून पाहता येते. नोव्हेंबरात रात्री नऊ-साडेनऊला देवयानी दीर्घिका उत्तरेकडे सुमारे ६८ अंश उंचीवर असते. शहराच्या उजेडात ती हाती लागणे कठीण. त्यासाठी हौशी निरीक्षक शहराबाहेर वांगणीसारख्या ठिकाणी जातात. तिथेही द्विनेत्रीतून मुख्यतः फुगवटाच दिसतो, लांबट धुरकट डागासारखा, आणि तेवढ्यावरून कुणीही ‘ई’ लिहील. जास्त वेळ प्रकाश घेऊन काढलेल्या छायाचित्रात मात्र तबकडी सुमारे ३ अंश पसरते, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी-शेजारी मांडावेत इतकी. ती एस-बी आहे. आपल्याकडे बरीच तिरकी असल्याने भुजा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. तिच्याजवळची इवलीशी एम ३२ खरोखरच ई२. अनियमिताचा परिचित नमुना, मोठा मॅजेलन मेघ, मुंबईतून जवळजवळ निसटतोच : त्याचा मध्य क्षितिजावर दोन अंशही चढत नाही.