धमनीविस्फाराभोवतीची मेंदूसूज

मेंदूतील धमनीला आलेल्या फुग्याला (धमनीविस्फाराला) लागून असलेल्या मेंदूच्या भागात पाणी साठून येणारी सूज. फुगा फुटून रक्तस्राव झाल्यावर येणारी सूज वेगळी. येथे फुगा बहुधा शाबूत असतो. लहान फुग्यांत ती क्वचितच दिसते. २५ मिमीहून मोठ्या, आत अर्धवट गुठळी धरलेल्या आणि मेंदूला टेकलेल्या फुग्यांभोवती ती अधिक आढळते.

केवळ दाबामुळे ही सूज येते, असे म्हणणे अपुरे ठरते. आत रक्त साकळत असताना फुग्याच्या भिंतीत दाह होतो, तिच्यात बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि द्रव शेजारच्या मेंदूत झिरपतो. एमआरआयवर वाहते रक्त काळे दिसते, गुठळीचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसतात आणि फ्लेअर चित्रात (सूज उठून दिसणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात) भोवती पांढरा पट्टा उमटतो. डोकेदुखी, झटके (फिट), हातापायांत अशक्तपणा, स्मरणात किंवा वागण्यात फरक ही लक्षणे असतात. वाढत्या फुग्याभोवती नव्याने सूज दिसली, तर ती गांभीर्याने घ्यावी लागते.

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या कॉईल (बारीक तारेची वेटोळी) भरणे हा उपचार १९९० पासून रूढ होत गेला. पुढे रक्तप्रवाह वळवणारे जाळीदार स्टेंट आले. मात्र फुगा बंद झाला की सूज लगेच ओसरतेच असे नाही. उलट, आतले रक्त गोठताना दाह वाढून ती काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनीही उद्भवते किंवा वाढते. हायड्रोजेलचा (पाणी शोषून फुगणाऱ्या पदार्थाचा) लेप असलेल्या कॉईलनंतरही अशी सूज नोंदली गेली आहे. म्हणून उपचारानंतरची सूज म्हणजे उपचार फसला, असा अर्थ लगेच काढू नये. बहुतेकदा स्टेरॉइडने आराम पडतो. फुग्यात रक्त पुन्हा खेळू लागले असेल, तर मात्र सूज टिकून राहते आणि फेरउपचाराचा विचार करावा लागतो. मूळ धमनीच बंद करता आली, तर फुगा आकसून सूज उतरण्याची शक्यता असते. पण त्याआधी मेंदूला दुसरीकडून पुरेसे रक्त मिळते का, हे तपासावे लागते. या विषयावरचे बहुतेक निष्कर्ष थोड्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेले आहेत.

सोलापुरात १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, हा जिल्ह्याचा मोठा आधार आहे. आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुणे-मुंबईत कॉईल घालून सांगोल्या-अक्कलकोटच्या गावी परतलेल्या रुग्णाला महिन्या-दोन महिन्यांनी झटका आला, तर डिस्चार्ज कार्ड आणि आधीच्या एमआरआयची सीडी हाताशी असणे मोलाचे ठरते. जुन्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय सूज नवी की जुनी, हे कळत नाही. स्टेंट असल्यास अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधे मनाने बंद करणे धोक्याचे, कारण स्टेंटमध्येच गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. मधुमेह्यांमध्ये स्टेरॉइडने साखर चढते, म्हणून ती वरचेवर तपासतात. विडी-सिगारेट आणि उच्च रक्तदाब यांनी फुगा वाढण्याचा व फुटण्याचा धोका वाढतो. अचानक आणि पूर्वी कधीच झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी फुगा फुटल्याची खूण असू शकते. तेव्हा रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे.