माँ ब्लाँची प्रदक्षिणा: चढ दमवतो, उतार पाय मोडतो

फ्रान्समधल्या शामोनी गावातून ऑगस्टअखेरीस एका शुक्रवारी संध्याकाळी अडीच हजारांच्या आसपास धावपटू निघतात. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला फेरी घालून ते परत त्याच चौकात येतात. आपल्याकडच्या प्रदक्षिणेच्या उलट, पर्वत डाव्या हाताला ठेवून. अंतर साधारण 170 ते 175 किलोमीटर आणि एकूण चढ 10,000 मीटरच्या घरात, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली कळसूबाईची उंची सहा वेळा. जेवढा चढ तेवढाच उतार. वेळेची मर्यादा साडेसेहेचाळीस तास.

'अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ' नावाची ही शर्यत 2003 साली सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी पाऊस आणि थंडीनं कहर केला. सुमारे 700 जण निघाले होते, पूर्ण फेरी केली ती 67 जणांनी. पहिला आला नेपाळचा दावा शेर्पा, वीस तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात. आज सर्वांत वेगवान पुरुष वीस तासांच्या आत येतात. 2023 साली जिम वॉल्म्सलीनं 19 तास 37 मिनिटांत फेरी पुरी केली. पण शेवटच्या मिनिटाला पोहोचणाऱ्याचा सरासरी वेग काढला, तर तो ताशी पावणेचार किलोमीटरच भरतो. हा तर चालण्याचा वेग झाला. तरीही दर वर्षी कित्येक तयारीचे धावपटू मध्येच शर्यत सोडतात. त्यामागची मोठी कारणं तीन: मांड्या, पोट आणि थंडी.

आधी चढाचं पाहू. चढाबद्दल भीती फार असते, पण शरीराच्या दृष्टीनं तो सरळ हिशेब आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2002 साली वेगवेगळ्या उतारचढावांवर धावण्याचा ऊर्जाखर्च मोजला. सपाटीवर दर किलो वजनामागे दर मीटरला साधारण 3.4 ज्यूल लागतात. 45 टक्के चढावर हाच खर्च जवळजवळ 19 ज्यूल होतो, म्हणजे साडेपाच पट. त्यामुळे उभ्या चढावर जाणकार धावपटू धावत नाहीत. हातात काठ्या घेऊन, अंग किंचित पुढे झुकवून, लहान पावलं टाकत ते चालतात, कारण तीव्र चढावर त्या संथ वेगाला चालणं धावण्यापेक्षा स्वस्त पडतं. एक वाक्य सलग बोलता येईल इतपतच दम लागू द्यायचा. वाटेवरच्या सर्वांत उंच खिंडी अडीच हजार मीटरच्या आसपास आहेत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे खाली जो वेग सोपा वाटला तो वर जड जातो. वेग कमी केला की प्रश्न सुटतो.

उताराला मात्र हा उपाय पुरत नाही. मिनेत्तींच्याच मोजमापात 20 टक्के उतारावर धावण्याचा खर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो. हृदय आणि फुप्फुसं निवांत होतात, श्वास खाली बसतो आणि धावपटूला वाटतं, आता वेळ भरून काढू. नेमकी इथेच चूक होते. जड वजन दोराला बांधून हळूहळू खाली सोडताना दंडाचं काय होतं ते आठवा. स्नायू आकसायला बघतो आणि वजन त्याला ओढून लांब करतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूंचं हेच होतं. या ताणत्या आकुंचनात इंधन कमी जळतं, पण कमी तंतूंवर जास्त भार येतो आणि तंतूंमधली सूक्ष्म रचना उसवते. पेशीत कॅल्शियम झिरपतं, सूज येते, स्नायूतली प्रथिनं रक्तात उतरतात. हजारो पावलांनंतर मांडी वजन पेलायचं नाकारते.

हे कुठे जाणवतं? साधारण शंभर किलोमीटरनंतर ग्राँ कोल फेरे ही 2,537 मीटरची खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं असतं. ला फुली गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा, बराचसा धावण्याजोगा उतार आहे. पहिल्या रात्री खिंडींवरून मोकाट उतरलेले धावपटू या वाटेवर कडेकडेनं, काठ्यांवर भार टाकत, गुडघे ताठ ठेवून उतरताना दिसतात. गुडघा ताठ झाला की धक्का स्नायूऐवजी सांध्यावर जातो आणि दुखणं वाढत जातं. म्हणून पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये उतारावर पाऊल आखूड ठेवायचं, पण पावलांची लय जलद. पाय शरीराच्या पुढे नाही, तर खाली पडला पाहिजे. गुडघा किंचित वाकलेला हवा. मागे रेलून टाचेनं ब्रेक मारत उतरणं सर्वांत महाग पडतं.

स्नायूंच्या बळाची मोजणीही झाली आहे. फ्रेंच संशोधक गियोम मिये आणि सहकाऱ्यांनी या शर्यतीआधी आणि नंतर धावपटूंचं बळ मोजलं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचं बळ सरासरी 35 टक्क्यांनी, पोटऱ्यांचं 39 टक्क्यांनी घटलं होतं. पुढे तशाच पद्धतीनं इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातल्या 'तोर दे जेआँ' या शर्यतीतही मोजणी झाली. ती 330 किलोमीटर आणि 24,000 मीटर चढाची. अंतर जवळजवळ दुप्पट, चढ दुपटीहून जास्त, पण बळातली घट 24 आणि 26 टक्केच. माझ्या मते या खेळातलं सर्वांत शिकण्यासारखं मोजमाप हेच आहे. लांब शर्यतीत लोक सुरुवातीपासून सावकाश जातात, त्यामुळे स्नायू कमी उसवतात. पाय अंतरापेक्षा वेगामुळे जास्त निकामी होतात.

चांगली गोष्ट अशी की ही इजा स्नायू लक्षात ठेवतो. एकदा उतारावर धावून मांड्या दुखल्या, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराची इजा बरीच कमी होते. हा गुण सह्याद्रीतही कमावता येतो. सिंहगडाच्या पायवाटेनं चढून परत पायीच उतरणाऱ्याला जे मिळतं, ते वर जाऊन गाडीनं खाली येणाऱ्याला मिळत नाही. पहिल्यांदा वीस-तीस मिनिटांचाच उतार घ्या, दुखणं पूर्ण थांबू द्या, मग दहा-बारा दिवसांनी थोडा वाढवा. शेवटचा दमदार उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी. सह्याद्रीत विरळ हवेची सवय मात्र होणार नाही. ती तिथेच काही दिवस आधी पोहोचून करावी लागते.

आता पोट. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण 500 ग्रॅम, म्हणजे 2,000 कॅलरी. डोंगरात तासाला 400 ते 600 कॅलरी सहज खर्च होतात. उरलेलं चरबीतून आणि खाण्यातून येतं. आतड्याचीही मर्यादा आहे. नुसतं ग्लुकोज तासाला 60 ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं. फ्रुक्टोजला वेगळा मार्ग असल्यामुळे दोन्ही मिसळले तर 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी आतड्याला काही आठवडे सरावाची सवय लावावी लागते. जोरात पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, पोटाचा पुरवठा आटतो. अशा पोटात पाण्याशिवाय साखरेचं दाट जेल ढकललं की ते पातळ करायला शरीर आतड्यात पाणी ओढून घेतं. मग मळमळ, उलटी, नाहीतर जुलाब. यावर गोळी शोधण्याआधी वीस-तीस मिनिटं वेग उतरवा, घोट घोट पाणी घ्या, मग खारट सूप. वाटेवरच्या थांब्यांवर शेवयांचं सूप, चीज आणि पाव ठेवलेले असतात. पहिली रात्र सरली की गोड नकोसं होतं, तेव्हा हेच पदार्थ उपयोगी पडतात.

पाणी तहानेइतकंच प्यावं. तहान नसताना पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. अंगठी घट्ट होणं, हात फुगणं, डोकं दुखणं, वागण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. शर्यत संपता संपता वजन सुरुवातीपेक्षा वाढलं असेल तर ती धोक्याची खूण आहे. मिठाच्या गोळ्या जास्तीच्या पाण्यावर उतारा नाहीत.

थंडी जीव घेते, आणि हे वाढवून सांगितलेलं नाही. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत 172 धावपटू होते. गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला, तापमान घसरलं आणि 21 जण गारठून मरण पावले. वाराप्रतिबंधक जाकीट तिथे सक्तीचं नव्हतं. दर हजार मीटर चढलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. कपडे घामानं भिजलेले, साखर संपलेली, पाय मंदावलेले. धावताना निर्माण होणारी उष्णता थांबते आणि वारा उरलेली पळवतो. म्हणूनच माँ ब्लाँच्या शर्यतीत टोपी असलेलं, शिवणी सीलबंद केलेलं जलरोधक जाकीट, गरम थर, हातमोजे, दोन हेडलॅम्प, शिट्टी, किमान एक लिटर पाणी आणि 1.4 बाय 2 मीटरचं चकाकतं बचाव-आच्छादन सक्तीनं जवळ लागतं. पण जाकीट पिशवीत असून भागत नाही. ते खिंडीच्या माथ्यावर नव्हे, तर माथ्याखाली, वाऱ्याच्या आडोशाला, बोटं अजून चालत असतानाच घालायचं. बोटं बधिर झाली की चेन पकडता येत नाही आणि तिथून पुढे गोष्टी फार भरभर बिघडतात.

दुसऱ्या रात्री झोप आपला वाटा मागते. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान दगडांची जनावरं दिसू लागली, तर थांब्यावर वीस मिनिटं पडून घ्या. खिंडीत उघड्यावर नको.

दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायचा मोह शर्यतीत फार होतो. तो टाळावाच. पाणी कमी झालेलं असताना ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात, आणि त्याच वेळी उसवलेल्या मांड्यांमधली प्रथिनं गाळायचं कामही मूत्रपिंडावरच असतं. शर्यतीनंतर मांड्या जिन्यावरून उतरू देत नाहीत, ते चार-पाच दिवसांत जातं. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला किंवा ती होईनाशी झाली, तर मात्र हॉटेलवर झोपायला न जाता थेट दवाखान्यात जा.