युद्धाचा कर आणि चित्रातला करदाता

युद्धखर्चासाठी बसलेल्या करांवरची जुनी व्यंगचित्रं बघताना आधी एवढंच पाहावं, की भरणारा म्हणून चित्रकाराने कोणाला काढलंय.

लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकातलं २८ एप्रिल १९०९ चं चित्र घ्या. युद्धनौका आणि म्हाताऱ्यांचं पेन्शन, दोन्हीचा खर्च काढायला ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज श्रीमंतांवर कर लादणार होते. बर्नार्ड पार्ट्रिजने त्यांना राक्षसच करून टाकलं. हातात 'बजेट' लिहिलेला सोटा, स्वारी धनिकाच्या रक्ताचा वास हुंगत आलेली आणि तो धनिक भेदरून दडलेला. बजेट मांडलं गेलं दुसऱ्या दिवशी!

त्याच 'पंच'च्या धर्तीवर मुंबईत १८५४ पासून 'पारसी पंच' निघत होता, पुढे त्याचा 'हिंदी पंच' झाला. पण मुंबईत हे गणित इतकं सरळ नव्हतं. १९१७ साली हिंदुस्थानने ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची 'देणगी' दिली (देणगी म्हणायची पद्धत). त्या भारापायी सुपरटॅक्स, म्हणजे बड्या उत्पन्नावरचा वरचा कर, आला आणि परदेशी कापडावरची जकात साडेतीनवरून साडेसात टक्के झाली. इथल्या गिरण्यांच्या कापडावरची अबकारी मात्र साडेतीनच राहिली. मँचेस्टरच्या आसपासचं, कापडगिरण्यांचं लँकेशायर खवळलं, आमचे गिरणीमालक खूश. म्हणजे एकाच करावर मँचेस्टरला रडका शेठ काढायचा आणि मुंबईला हसरा. १९१९ मध्ये जादा नफ्यावर ५० टक्के कर बसला, तेव्हा तो हसराही गंभीर झाला असणार. १९४० मध्ये पुन्हा तेच.

खरा बदल दिसतो तो चीन युद्धानंतर. १९६३ च्या बजेटमध्ये मोरारजी देसाईंनी कंपन्यांच्या जादा नफ्यावर सुपर प्रॉफिट्स टॅक्स लावलाच, शिवाय सक्तीची बचत आणली आणि रॉकेलही महाग केलं. चाळीतल्या स्टोव्हपर्यंत युद्ध पोचलं ते असं. त्याआधी जानेवारीतच सुवर्ण नियंत्रण आलं होतं. नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही, त्यामुळे झवेरी बाजारातले कारागीर हात बांधून बसले. तोवर 'टाइम्स'मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला, तोंडातून ब्र न काढणारा कॉमन मॅन रोज हजेरी लावत होता. पार्ट्रिजच्या गुबगुबीत धनिकाची जागा त्याने घेतली, आणि माझ्या मते कराचा बोजा दाखवायला त्याच्याइतका चपखल चेहरा मुंबईने दुसरा दिला नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेत, म्हणजे बड्या काँग्रेस नेत्यांनी पदं सोडून पक्षाचं काम करायचं त्या योजनेत, मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर गेले. सुपर प्रॉफिट्स टॅक्सही वर्षभरात गेला. सोन्यावरचं नियंत्रण मात्र १९९० पर्यंत टिकलं.