दुप्पट किती दिवसांत?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या कोविड चौकशीचा अहवाल आला. बॅरोनेस हॅलेट यांच्या या अहवालातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही: २३ मार्च २०२० चा लॉकडाऊन आठवडाभर आधी लागला असता, तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३,००० मृत्यू टळले असते. हे गणिती प्रारूपातून आलेलं अनुमान आहे, मोजदाद नव्हे. तरीही प्रश्न उरतोच, एका आठवड्यात एवढं काय बिघडतं?

उत्तर दुपटीच्या काळात आहे. १६ मार्चला पंतप्रधान बोरिस जॉन्सन म्हणाले की, कठोर उपाय केले नाहीत तर रुग्णसंख्या दर पाच-सहा दिवसांनी दुप्पट होऊ शकते. 'सेज' या सरकारी शास्त्रीय सल्लागार गटाचा तेव्हाचा अंदाजही तोच होता. २३ मार्चपर्यंत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी तो तीन-चार दिवसांवर आला.

कागद घ्या आणि आज १,००० बाधित आहेत असं धरा. सहा दिवसांनी दुप्पट, तर बाराव्या दिवशी ४,००० होतात. तीन दिवसांनी दुप्पट असेल, तर २,०००, ४,०००, ८,००० करत १६,०००. आणखी बारा दिवस थांबा, म्हणजे एकीकडे १६,००० आणि दुसरीकडे २,५६,०००! दुपटीच्या काळात फक्त तीन दिवसांची चूक होती.

ही चूक लवकर कळतही नाही. लागण झाल्यावर लक्षणं यायला साधारण पाच दिवस, रुग्णालयात दाखल व्हायला आणखी आठवडाभर. म्हणजे आज भरलेली खाट दोनेक आठवड्यांपूर्वीची लागण दाखवते. त्यात १२ मार्चला समाजातल्या चाचण्या थांबवून त्या मुख्यत्वे रुग्णालयांपुरत्या ठेवल्या गेल्या. साथ कुठवर पोचली हे दाखवणारा दिवाच मंद झाला.

प्रारूप म्हणजे ज्योतिष नव्हे. आत घातलेलं गृहीतक बदललं की उत्तर बदलतं, म्हणून ते गृहीतक चारचौघांना दिसायला हवं. तज्ज्ञांचा अंदाज चुकणं हा गुन्हा नाही. पण मंत्री 'आम्ही विज्ञानानुसार चालतो' असं सांगत असताना त्यामागचा आकडा आणि त्यातली अनिश्चितता बाहेरच्या संशोधकांना तपासता येऊ नये, हे मला अक्षम्य वाटतं. विज्ञान दुपटीचा काळ सांगतं. कधी बंद करायचं, हा निर्णय सरकारचा असतो आणि त्याचा जाबही सरकारनेच द्यायचा असतो.

सेजच्या सदस्यांची यादी ४ मे रोजी जाहीर झाली, बैठकांची बहुतेक इतिवृत्तं २९ मे रोजी. तोवर पहिली लाट ओसरत आली होती.