रक्त किती वाजता काढलं?

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. पांढऱ्या पेशी वाढल्यात का, हिमोग्लोबिन कुठवर उतरलंय. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नमुना घेतल्याची वेळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही. बॉस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी चाळणाऱ्या संशोधकांनी नेमकं तिच्याकडे लक्ष दिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साडेसहा लाखांहून जास्त रुग्ण होते. निकाल आणि वेळ यांची तुलना करता येईल अशा १७४ तपासण्या निघाल्या. त्यांपैकी ११८ तपासण्यांत रुग्ण पुढची तीन वर्षं जगेल का, याचा अंदाज निकालापेक्षा तपासणी केव्हा सांगितली गेली यावरून जास्त अचूक बांधता आला!

यात जादू काही नाही. दुपारी तीनला रक्त काढलं तर ती बहुधा नेहमीची तपासणी असते. पहाटे तीनला कोणी सहज म्हणून सुई टोचत नाही. ड्युटीवरच्या नर्सला रुग्णाचं लक्षण ठीक वाटलेलं नसतं, ती डॉक्टरांना उठवते, डॉक्टर तपासणी लिहितात. रिपोर्ट नॉर्मल आला तरी ती काळजी वेळेच्या रकान्यात तशीच राहून जाते.

आरोग्याचा डेटा म्हणजे लोकांच्या शरीरांची मोजमापं, असं आपण धरून चालतो. मला विचाराल तर ती बरीचशी आरोग्यव्यवस्थेची रोजनिशी असते. कोण दवाखान्यापर्यंत पोचलं, त्याला काय विचारलं गेलं, काय लिहायला वेळ मिळाला, हे सगळं त्यात उतरतं. रक्तदाबाचा एखादा रकाना वरून खाली वाचून बघा. १२०, १३०, १४०, पुन्हा १२०. शेवटी शून्य असलेले आकडे वाजवीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात, कारण काटा बघणारा माणूस जवळच्या दहाला टेकतो. आणि ‘मधुमेह’ या शब्दापुढे रिकामी जागा असेल, तर मधुमेह नाही असं समजायचं, की कोणी विचारलंच नाही असं?

एकदा हे ध्यानात घेतलं की याच नोंदी देशाची आरोग्यव्यवस्था सुधारायला फार कामाच्या ठरतात, कारण व्यवस्थेला स्वतःचं तोंड इतरत्र कुठे दिसत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जॉन वेनबर्ग आणि अ‍ॅलन गिटेलसन यांनी कुठल्या भागात किती शस्त्रक्रिया होतात, हे मोजलं. १९७३ साली त्यांनी आकडे छापले. टॉन्सिल काढण्याचं प्रमाण एका भागात दर दहा हजारांमागे १३, तर दुसऱ्या भागात १५१. एकाच छोट्या राज्यातल्या मुलांचे घसे गावागणिक इतके बदलतील कसे? बदलत होती ती डॉक्टरांची सवय. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आपण करतो तेच सगळीकडे चालतं, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती. हे आकडे डॉक्टरांसमोर ठेवल्यावर टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या. नवं औषध नाही, नवी इमारत नाही, नुसता एक तक्ता. त्याआधी १९३८ साली इंग्लंडमध्ये जे. अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी शाळकरी मुलांच्या नोंदींतून जवळपास हेच दाखवलं होतं. तेव्हा मात्र त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

रोजनिशीला लोकांच्या प्रकृतीचा आरसा समजलं तर फजितीही होते. अमेरिकेतलं एक सॉफ्टवेअर जास्तीच्या देखभालीची गरज कोणाला आहे, ते ठरवत असे. गरज मोजायला त्यात उपचारांवरचा खर्च वापरला होता. वरकरणी पटतं, जास्त आजारी तो जास्त खर्चिक. पण तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात कमी खर्च होत आला होता, म्हणून यंत्राने त्यांना जास्त निरोगी ठरवलं. २०१९ साली झिआद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी हे उघड केलं. ही चूक काढली तर देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असा त्यांचा हिशेब होता.

सुट्या नोंदींचा उपयोग मर्यादितच. लस एका वहीत, निदान दुसऱ्या वहीत, मृत्यू तिसऱ्याच कचेरीत, असं असलं की प्रश्न विचारताच येत नाही. डेन्मार्कने १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला दहा अंकी क्रमांक दिला आणि तोच सगळीकडे वापरला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीमुळे स्वमग्नता येते, ही भीती पसरली तेव्हा तिथल्या संशोधकांना नवी पाहणी करावी लागली नाही. १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी त्यांनी क्रमांकावरून जोडल्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये धोका वाढलेला नव्हता. २००२ साली उत्तर छापून आलं.

ब्रिटनने करोनाकाळात याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ‘रिकव्हरी’ या चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांना कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. दमलेल्या डॉक्टरांना फॉर्म भरावा लागे तो अगदी थोडका. बाकीची माहिती राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या नेहमीच्या नोंदींतूनही घेता येई. मार्च २०२० मध्ये पहिला रुग्ण सामील झाला आणि १६ जूनला निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. एकेका डॉक्टरच्या अनुभवातून हे दोन्ही धागे वेगळे करणं अशक्यच होतं.

आता अवघड भाग. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं होत नाही. १९९७ च्या सुमारास लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्समध्ये संशोधनासाठी दिलेल्या ‘निनावी’ नोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर तिने खुद्द राज्याच्या गव्हर्नरची वैद्यकीय माहिती शोधून काढली. लोकांचा विश्वास उडाला की योजनाच बसते. इंग्लंडमधली रुग्णांच्या नोंदी एका जागी गोळा करण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही योजना लोकांना नीट न सांगता रेटली गेली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली.

चार वर्षांनी त्याच देशात अशा नोंदी अभ्यासण्यासाठी ‘ओपनसेफली’ हे व्यासपीठ उभं राहिलं, आणि मला त्यातली उलटी चाल फार आवडते. तिथे नोंदी संशोधकाकडे जात नाहीत, संशोधकाचा प्रोग्राम नोंदींकडे जातो. आधी बनावट आकड्यांवर तो लिहून तपासायचा, मग आत पाठवायचा. बाहेर येतात ते फक्त एकत्रित तक्ते, तेही तपासणी होऊन. अशा रीतीने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून करोनाने मृत्यूचा धोका कोणाला जास्त, हे काही आठवड्यांत कळलं. एकही केसपेपर बाहेर गेला नाही. संशोधकाने मात्र आत कोणता प्रोग्राम चालवला आणि केव्हा चालवला, हे वेळेसकट नोंदलं जातं, आणि ती नोंद कोणालाही वाचता येते.